मानखुर्दचा गिअरबॉक्स

माझ्या बाबांनी माझ्या कामाला उभ्या जन्मात कधी चांगलं म्हटलं नाही. वाईटही म्हणायचे नाहीत, हे त्यांचे उपकार. मी एखादं इंजिन उघडून, धुऊन, पुन्हा जोडून सुरू केलं की ते मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, "चलात." आम्ही मूळचे कणकवलीकडचे, मालवणीत चलात म्हणजे चालेल. डिप्लोमाला पहिला वर्ग मिळाला तेव्हा चलात. लग्न मोडून घरी परत आले तेव्हाही चलात. लोकांच्या घरात कौतुकं होतात, आमच्या घरात हा एक शब्द होता आणि मी त्याच्यावर चिडत मोठी झाले.

मुलुंडला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. गवत कापायची मशीनं, फवारणीचे पंप आणि मुख्य म्हणजे बागेतले छोटे ट्रॅक्टर आम्ही दुरुस्त करतो. मुंबईत कसले आलेत बागेतले ट्रॅक्टर, असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. जुन्या कारखान्यांच्या आवारात केवढाली हिरवळ असायची. साहेबांनी परदेशातून मागवलेले हे बुटके ट्रॅक्टर तिथं गवत कापायचे, रोलर ओढायचे, पाचोळा वाहायचे. कारखाने गेले, टॉवर आले आणि ट्रॅक्टर फार्महाउसवाल्यांनी उचलले. आता ते कर्जत-मुरबाडहून टेम्पोत बसून येतात आणि मालक विचारतो, "मॅडम, ओरिजिनल पार्ट मिळेल ना?" ज्या कंपनीनं हा ट्रॅक्टर बनवला ती मी शाळेत असतानाच बुडाली. ओरिजिनल पार्ट म्हणे!

पार्ट मिळत नसतो, मिळवावा लागतो. स्कूटरची रिंग घासून बसते, हातगाडीची ट्यूब चालते, कार्बोरेटरचा पडदा साध्या रबरी शीटमधून कापता येतो. कुठंच मिळत नाही ते शेजारच्या गाळ्यातले लवूकाका लेथवर कातून देतात. लवूकाका आमच्याच गावचे. त्यांनाही जमलं नाही तर मग तसलंच एखादं मेलेलं मशीन शोधायचं आणि त्याचा अवयव काढून घ्यायचा.

या शेवटच्या कामाला बाबांची एक रीत होती. मेलेल्या मशीनचा पार्ट बसवला की ते गाऱ्हाणं घालायचे. मशीनपुढं नारळ ठेवून मोठ्यानं देवाला सांगायचं की पार्ट कुठून आणला, ते मशीन कोण चालवायचा, त्याच्याकडून आम्ही काय घेतलं, आणि बाकी त्याचं जे काय असेल ते त्याच्यापाशीच राहू दे. प्रत्येक वाक्याला लवूकाका "होय म्हाराजा" म्हणायचे. चालवणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय बाबा पार्टला हात लावत नसत. "देवाक मोघम सांगलंस तर तो मोघमच देता," असं म्हणायचे. मी नारळ आणून द्यायची आणि तोंड फिरवून हसायची.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा गेली ती गेलीच. ऐकू येतं, माणसं ओळखतात, ताटात मीठ कमी पडलं की भुवया चढतात. फक्त शब्द येत नाही. मी दिवसभर गाळ्यात त्यांना खुर्चीत बसवून काम करायची आणि एकटीच बडबडायची. त्या वर्षात मला कळलं की चलात हा किती मोठा शब्द होता. मला दुसरं काही नको होतं. बाबांनी माझ्याशी बोलावं आणि मी गाळा बरा चालवते की नाही एवढं एकदा सांगावं. त्यासाठी मी वाटेल ते करायला तयार होते.

श्वेता मॅडम म्हणून वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, "त्यांच्या हाताला सवय असलेलं जुनं काम द्या. कधी कधी हातामागून शब्द येतो." मला लगेच कोपऱ्यातला हिरवा ट्रॅक्टर दिसला. बाबा ज्या कारखान्यात मेकॅनिक होते तो बंद पडला तेव्हा त्यांनी साहेबाकडून हा मागून घेतला होता. बागेतून तो तेच फिरवायचे. पण त्याच्या गिअरबॉक्सचे दात गेले आणि मग तो वर्षानुवर्षं जागा अडवून बसला. त्याला चालू करायचं आणि बाबांना त्याच्यावर बसवायचं, असं मी ठरवलं.

इंजिनाचं फार काही नव्हतं. टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर उकळला, पॉइंट घासले, पट्टे नवे घातले, रिक्षाच्या सीटवाल्याकडून सीट शिवून आणली. घोडं अडलं गिअरबॉक्सपाशी. कुर्ल्याचं भंगार पालथं घातलं. साकीनाक्याला एकानं मला पिठाच्या चक्कीचा गिअर दाखवला आणि हाच तो म्हणून शपथ घेतली. परदेशातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला फोटो पाठवले, त्यानं उलट मलाच विचारलं की तुमच्याकडचं बॉनेट विकता का. लवूकाकांनी शाफ्ट कातून दिला असता, पण आतले तिरके दात त्यांच्या लेथवर होणारे नव्हते.

होळीच्या आदल्या आठवड्यात मानखुर्दच्या विकीचा फोन आला. विकी भंगारवाला, माझा जुना ओळखीचा. "ताई, तुझा तो ट्रॅक्टर आलाय. सेम टू सेम, फक्त लाल. आजच ये."

ट्रॅक्टर खरंच तसाच होता. इंजिन सडलेलं, बॉनेट पुढून चेपलेलं, पण सीटखालचा गिअरबॉक्स मात्र अखंड. मी गिअरची दांडी हलवली. इतकी वर्षं वापराविना पडलेल्या लोखंडाची दांडी जाम असायला हवी. ती लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. झाकण खोलून बोट घातलं तर तेल स्वच्छ, आणि कोमट. उन्हात होता म्हणून असेल, असं मी म्हटलं. वर तर पत्र्याची शेड होती.

"चालवायचा कोण?" मी विचारलं.

"मला काय माहीत यार. चेंबूरकडची कुठली तरी कॉलनी पाडली, तिकडून लॉटमध्ये आला. विचारून सांगतो. पण तू उचल ना आजच."

"एवढी घाई कसली?"

विकी एरवी पानाच्या पिचकाऱ्या मारत बोलतो. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, हसू नको. मी रोज जाताना दांडी न्यूट्रलला टाकतो. सकाळी येऊन बघतो तर पहिल्या गिअरात. रोज."

मी हसले. गिअरबॉक्स काढून रिक्षात घातला आणि मुलुंडला आणला. वाटेत माझ्या पायाशी ती दांडी एकदा टक् करून वाजली. रस्त्याला खड्डे काय कमी आहेत?

चालवणाऱ्याचं नाव कळेपर्यंत थांबायला हवं होतं, हे मला कळत होतं. लवूकाकाही शिमग्याला गावी गेले होते. पण मला धीर नव्हता. एका रविवारी, इस्टेट बंद असताना, भर दुपारी मी गिअरबॉक्स बसवला. ट्रॅक्टरची मागची चाकं लाकडी ठोकळ्यांवर उचलून घेतली, म्हणजे तो जागेवरच चालेल आणि बाबा पडायचे नाहीत. बाबांना हाताला धरून सीटवर चढवलं. त्यांनी स्टीयरिंगवर हात ठेवले आणि पुढं नारळाच्या जागेकडं बोट दाखवलं. म्हणजे गाऱ्हाणं घाल.

नारळ होता. मी हात जोडले आणि बाबांसारखा आवाज काढून सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज हय एक पार्ट बसवलंय म्हाराजा. खयच्या मशीनीचो, कोण चालवी होतो, तां माका म्हायत नाय." बाबांनी स्टीयरिंगवर थाप मारली. त्यांना पटलं नव्हतं. पण मला तेव्हा राग आला होता. देवाचा, बाबांचा, त्या मुक्या वर्षाचा. मी म्हणाले, "माज्या बापाशीक वाचा दे म्हाराजा. जी मिळात ती चलात."

इथं लवूकाकांनी होय म्हाराजा म्हणायचं असतं. मी सवयीनं थांबले. आणि पुढून आवाज आला, "चालतंय की."

इस्टेटमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी बाबांकडं पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते स्वतःच दचकले होते. मला रडू फुटलं. मी धावत जाऊन स्टार्टरची दोरी ओढली, पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं, मागची चाकं हवेत फिरायला लागली आणि बाबा बोलायला लागले.

"सपे, काय करायलीस गं? दार लाव की. कुत्रं शिरंल आत."

आवाज बाबांचाच होता, थोडा गंजलेला. शब्द बाबांचे नव्हते. आमच्या सात पिढ्यांत कोणी करायलीस म्हणालेलं नाही. मी म्हटलं, झटक्यानंतर असं होतं. आमच्या बिल्डिंगमधला एक माणूस शुद्धीवर आला तो आठवडाभर हिंदीच बोलत होता. मी विचारलं, "बाबा, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "हिरव्या ट्रॅक्टरवाल्याची पोरगी न्हवं तू?"

मी इंजिन बंद केलं. बाबा गप्प झाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते डाव्या हातानं आपला गळा चाचपत होते. आनंदानं रडतायत, असं मी स्वतःला सांगितलं. माणसाला हवं ते त्याला बरोब्बर दिसतं.

पुढच्या प्रत्येक रविवारी मी त्यांना बसवलं. खोटं कशाला बोलू, मला ते बोलणं हवं होतं. वर्षभर भिंतीशी बोलल्यावर कोणी भाकर खाल्लीस का विचारलं तरी बरं वाटतं. दुधाची तहान ताकावर भागवत होते. मी गाळ्यातल्या गोष्टी सांगायची, तो आवाज हसायचा, कुठल्या झाडाखाली गवत जास्त वाढतं ते सांगायचा, मधेच म्हणायचा सपे, दार लाव. एकदा मी मनाचा हिय्या करून विचारलं, "मी गाळा बरा चालवते ना?" आवाज म्हणाला, "म्या कोण सांगणारा बाई?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

लवूकाका गावाहून आले. त्यांनी एकदाच ऐकलं आणि खोबऱ्यासारखे पांढरे पडले. "ह्यो चंदू न्हय," ते म्हणाले. "बंद कर." बाबांचं नाव चंद्रप्रकाश, काका त्यांना चंदू म्हणतात. मी काकांवर ओरडले की तुम्हाला बघवत नाही का. ते आपल्या गाळ्यात गेले आणि लेथ लावून बसले, बिनकामाचा.

मग विकीचा फोन आला. "ताई, कळलं. धोंडिराम म्हणून एक होता, जालन्याकडचा. त्या कॉलनीच्या बागेत माळी. ट्रॅक्टरवरच गेला. त्याची पोरगी घाटकोपरला असते, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. नंबर पाठवतो." मी विचारलं, पोरीचं नाव काय. उत्तर मला ठाऊक होतं.

सपना पुढच्या रविवारी आली. माझ्याच वयाची, नीटनेटकी, लॅबमधून थेट आल्यासारखी. मी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की तुमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरचा एक भाग माझ्याकडं आहे. ती दाराशी उभी होती तेव्हा मी दोरी ओढली. इंजिन लागलं. बाबांच्या तोंडून आवाज आला, "सपे, उशीर केलास गं."

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. ती जवळ जाऊन ट्रॅक्टरच्या चाकाशी जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "आले ना, अण्णा. दार लावून आले." दोघं बोलत राहिली. कोणती मावशी, कोणती म्हैस, कोणाची बारशी. मी माझ्याच गाळ्यात पाहुणी झाले होते. जाताना सपनानं माझा हात धरला. "त्या रविवारी मी येते म्हटलं होतं त्यांना. नाही गेले, लॅबमध्ये पेशंट होते. गवत कापता कापता बसल्या जागी गेले. ट्रॅक्टर तसाच पहिल्या गिअरात चालत राहिला, भिंतीला जाऊन आदळला." मग तिनं विचारलं, "मी दर रविवारी येऊ?"

ये, म्हणाले. नाही कसं म्हणणार?

त्यानंतर बाबा कमी व्हायला लागले. दुसरा शब्द मला सुचत नाही. मिठासाठी भुवया चढेनात. लवूकाका समोर आले तर अनोळखी माणसाला पाहावं तसं पाहू लागले. मी गाळ्यातून निघताना दांडी न्यूट्रलला टाकायची आणि सकाळी ती पहिल्या गिअरात असायची, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. मग एका बुधवारी सकाळी, घरी, मी बाबांना चहा दिला. ट्रॅक्टर तिथून दोन स्टॉप लांब, बंद. बाबांनी कप घेतला, बशीत चहा ओतला आणि सहज म्हणाले, "सपे, साखर लई झाली."

बाबांनी आयुष्यात कधी बशीत चहा प्यायला नव्हता. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं, अगदी मागं, बाबा होते. खिडकीच्या गजांआडून माणूस बघतो तसे माझ्याकडं बघत होते. तोंड बशी फुंकत होतं आणि डोळे माझ्याकडं बघत होते. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. जी मिळेल ती चालेल, असं मीच म्हटलं होतं. मिळाली होती, आणि तिला राहायला जागा माझ्या बापाची दिली होती.

रविवारी मी लवूकाकांना बोलावलं आणि पाने काढून ठेवले. गिअरबॉक्स आजच उतरवायचा. सपना आली तेव्हा बाबा सीटवर बसले होते. मी त्यांना बसवलं नव्हतं. पाण्याची बाटली भरायला मागं गेले होते, तेवढ्यात ते स्वतः चढले. इंजिन चालू होतं. दोरी मी ओढली नव्हती, आणि काका शपथेवर सांगतात की त्यांनीही नाही.

"काय करतेस?" सपनानं माझ्या हातातला पाना पाहून विचारलं.

"काढते. माझे बाबा संपत चाललेत."

"असं नको करू ना. माझं ऐक." तिनं माझा दंड पकडला. "तुझा बाप तुझ्यासमोर बसलाय गं. जिवंत आहे. तू त्यांना जेवू घालतेस, अंघोळ घालतेस. माझ्याकडं नुसता आवाज आहे, आठवड्यातून एकदा. तेवढाही काढून घेतेस?"

"तो माझ्या बापाच्या घशातून येतो, सपना."

"मग काय झालं? ते तरी कुठं बोलत होते?"

मी तिला ढकललं. काका मधे पडले. ती रडत होती आणि मीही, आणि मला तिचा राग येत नव्हता, हेच वाईट होतं. तिच्या जागी मी असते तर पाना हिसकावून घेतला असता. मी इंजिन बंद करायचं बटण दाबलं. इंजिन थांबलं नाही. पुन्हा दाबलं. चाकं हवेत फिरतच राहिली.

"थांब पोरी," आवाज म्हणाला. बाबांनी माझ्याकडं मान वळवली होती. "तुझा बाप हितंच हाय. सगळं ऐकतोय. काय म्हंतोय, सांगू का?"

मी प्लगच्या वायरकडं हात नेला होता, तो तिथंच राहिला. काका ओरडले, "आयकू नको गो!" पण मी विचारलं. कोणीही विचारलं असतं. "काय म्हणतात?"

बाबांचे ओठ एकदा मिटले. पुन्हा उघडले तेव्हा बोली बदलली होती. ते आमचं गाव होतं, आमचं घर होतं, कारखान्याहून परत आलेले बाबा होते. मान तिरकी करून, इंजिनाचा आवाज ऐकत ते म्हणाले, "चेडवान काम बरां केल्यान."

पोरीनं काम चांगलं केलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य, बाबांच्या आवाजात, बाबांच्या मालवणीत. अजून विचारावं, अजून ऐकावं, बसून राहावं त्या चाकाशी सपनासारखं, असं वाटलं. आणि त्याच क्षणी मनात आलं की बाबा असं म्हणणार नाहीत. बाबा चलात म्हणतील. हा जो कोणी आहे त्याला राहायचंय, आणि मला काय हवं ते त्यानं माझ्याच रविवारच्या बडबडीतून ऐकलंय. मी उघड्या हातानं प्लगची वायर उपटली. खांद्यापर्यंत झटका बसला. इंजिन दोन आचके देऊन मेलं.

गाळ्यात इतकी शांतता झाली की मागची चाकं फिरत फिरत थांबल्याचं ऐकू आलं. काकांनी आणि मी बाबांना खाली खुर्चीत बसवलं आणि गिअरबॉक्स उतरवला. बाबा तिथून पाहत होते. सपनानं डोळे पुसले, आणि म्हणाली, "मला द्या." मी तो गोणपाटात बांधून तिच्या रिक्षात ठेवला. दांडीवर तिनं हात ठेवला होता, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं नाही. नंतर फोनही केला नाही, आणि मीही नाही.

बाबा परत आले. मीठ कमी असलं की भुवया चढतात, चहा कपातून पितात, लवूकाकांना पाहून डावा हात उचलतात. शब्द एकही नाही. श्वेता मॅडम म्हणतात, आता आशा फारशी ठेवू नका; त्यांच्या हो आणि नाही यांचीही आत गल्लत झालेली आहे, एक म्हणायला जातात आणि दुसरं होतं.

मला हे माहीत आहे, तरी काल न राहवून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "बाबा, त्या दिवशी ते तुम्ही म्हणाला होतात? मी काम चांगलं केलं म्हणून?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. हो.

मग मी उलट विचारलं, "की तुम्ही नव्हतात म्हणाला?"

बाबांनी पुन्हा तशीच, तितक्याच मायेनं, मान डोलावली.